नळाच्या पाण्याला येणारा क्लोरीनचा वास

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत, गुलेन बॅरी सिंड्रोम म्हणजेच जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळू लागले आणि पाहता पाहता पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित पाण्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या चिकनमधून पोटात जाणाऱ्या या जिवाणूच्या आवरणातील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंशी इतके मिळतेजुळते असतात, की जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे क्वचित मज्जातंतूंवरच हल्ला करतात. जुलाब होऊन गेल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पायांतील बळ जाते, ते यामुळे. त्याच दिवसांत आमच्या सोसायटीत मात्र निराळीच तक्रार चालू होती: नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो, ते पिण्याजोगे नाही. काहींनी ते ओतून देऊन बिनवासाचे, नितळ दिसणारे टँकरचे पाणी भरून घेतले. हा गैरसमज मला धोकादायक वाटतो, म्हणून त्या वासामागचे रसायनशास्त्र जरा सविस्तर सांगतो.

पाण्यात टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकली काय किंवा क्लोरीन वायू सोडला काय, दोन्हींपासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो. जिवाणूच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो. त्यामुळे भाररहित रेणू सहज आत शिरतो आणि विकरांमधील (एन्झाइममधील) गंधकयुक्त गटांचे ऑक्सिडीकरण करून ती निकामी करतो. याच आम्लातून हायड्रोजन आयन निघून गेला की उरतो ऋणभारित हायपोक्लोराइट आयन, ज्याला जिवाणूचा पृष्ठभाग दूर लोटतो आणि जो त्यामुळे कितीतरी दुबळा ठरतो. या दोघांचे प्रमाण पाण्याच्या सामूवर (पीएचवर) ठरते. २५ अंश सेल्सियस तापमानाला सामू ७ असेल तर मुक्त क्लोरीनपैकी, म्हणजे या दोन्ही रूपांतील एकूण क्लोरीनपैकी, सुमारे ७८ टक्के भाग प्रभावी आम्लाच्या रूपात असतो, सामू ८ झाला की तो सुमारे २६ टक्क्यांवर येतो आणि ८.५ ला जेमतेम १० टक्के उरतो. क्लोरीन तेवढाच, पण त्याची ताकद निराळी. हल्ली हजारो रुपयांना विकल्या जाणाऱ्या ‘अल्कलाइन’ पाण्याच्या यंत्रांविषयी येथेच सांगायला हवे, की रक्ताचा सामू फुप्फुसे आणि मूत्रपिंडे राखतात, पिण्याच्या पाण्याने तो बदलत नाही. त्या जाहिरातींना शास्त्रीय आधार नाही.

आता थोडा अवघड भाग. पाण्यात अमोनिया असेल, आणि सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात तो असतोच, तर सुरुवातीला टाकलेला क्लोरीन त्याच्याशी संयोग पावून क्लोरामाइने बनवतो. ती जंतुनाशक आहेत, पण मुक्त क्लोरीनपेक्षा बरीच मंद. आणखी क्लोरीन टाकत गेल्यावर चाचणीत दिसणारे प्रमाण वाढण्याऐवजी चक्क कमी होते, कारण क्लोरामाइनांचेच विघटन होऊन त्यांतील बहुतेक नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो. वजनाने अमोनियातील नायट्रोजनच्या सुमारे साडेसात पट क्लोरीन पडल्यावर प्रमाणातील ही घट संपते आणि त्यापुढे टाकलेला क्लोरीन मुक्त स्वरूपात शिल्लक राहू लागतो. पोहण्याच्या तलावावर डोळे चुरचुरवणारा उग्र दर्प बहुधा या क्लोरामाइनांचा असतो. तो क्लोरीन जास्त झाल्याचा नव्हे, तर बहुतेक वेळा पुरेसा न पडल्याचा पुरावा असतो.

शिल्लक राहणाऱ्या या क्लोरीनलाच सारे महत्त्व आहे. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा लागतो. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येते; पुरवठा थांबला की नळातील दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाऊ शकते. जलशुद्धीकरण केंद्रात पाणी कितीही शुद्ध केले, तरी पुढच्या काही किलोमीटरांत त्याच्यासोबत राहणारा पहारेकरी हा एवढाच. गाळणीला, तुरटीला किंवा नितळपणाला ते काम जमत नाही. आरओ यंत्रातील कार्बन तर क्लोरीन काढूनच टाकतो, म्हणून ते पाणी साठवताना भांडे घासलेले, झाकलेले हवे आणि पाणी काढायला ओगराळे हवे. ग्लासासह हात बुडवला तर यंत्राचा उपयोग तेथेच संपतो. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, त्यामुळे साथीच्या दिवसांत पाणी खळखळून उकळणे आवश्यकच आहे.

ग्रामपंचायतीत जी ‘ओटी टेस्ट’ करतात, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन आहे का हे पिवळ्या रंगावरून पाहतात, ती मी त्या फेब्रुवारीत आमच्या इमारतीत केली. रस्त्यावरून येणाऱ्या नळाचे पाणी थेंब पडताच पिवळे झाले. गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघरात आलेल्या पाण्याला रंगच चढला नाही. टाकी उघडली तेव्हा तळाशी चांगला चार बोटे गाळ होता. त्यातील सेंद्रिय द्रव्याने सारा क्लोरीन खाऊन टाकला होता. टाकी धुऊन पुन्हा भरल्यावर स्वयंपाकघरातील परीक्षानळीही फिकट पिवळी झाली, आणि नळाला पुन्हा तो वास येऊ लागला.