पोर्शे ९२४ की ९४४? दिसायला जुळी, खर्चाला वेगळी

कमी पैशांत जुनी स्पोर्ट्स कार शोधायला लागलात की पोर्शेच्या दोन गाड्या थोड्याच दिवसांत समोर येतात आणि त्यांची गल्लत होते: ९२४ आणि ९४४. वर-खाली होणारे हेडलाइट, लांब बॉनेट, मागे मोठी वर उचलली जाणारी काच, इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी. दारं, छप्पर, काचा दोन्हींच्या सारख्याच. पोर्शेची प्रसिद्ध ९११ आवाक्याबाहेर असलेल्या माणसाला जुन्या पोर्शेचा मालक व्हायचं असेल तर विचार बहुधा या दोघींपैकी एकीचाच होतो. जाहिरातीत ९२४ साधारणपणे स्वस्त असते आणि ९४४ महाग. पण हा फरक विकत घेण्याच्या दिवसापुरता असतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत काय खर्च होईल ते बॉनेटखालच्या इंजिनावर आणि मालकाकडच्या पावत्यांवर ठरतं.

ओळखायचं कसं, हे आधी सांगून टाकतो. ९२४ची बाजू सपाट, सडपातळ असते. ९४४च्या चारही चाकांवरचा पत्रा फुगीर आहे, त्यामुळे गाडी रुंद आणि जमिनीला धरून बसल्यासारखी दिसते. साध्या ९२४चं चाक चार बोल्टवर असतं, ९४४चं पाच. आत बसून मात्र फसायला होतं, कारण सुरुवातीच्या ९४४चा डॅशबोर्ड ९२४चाच आहे; गोलसर नवा डॅशबोर्ड १९८५च्या मध्यापासून आला. मागच्या नावाच्या पट्टीवर विसंबू नका, ती कोणीही बदलू शकतो. १९८१नंतरच्या गाडीचा चेसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. त्यातली सातवी-आठवी जागा बघा: तिथे ९२ असेल तर ९२४चं घराणं, ९४ असेल तर ९४४.

खरा फरक इंजिनात आहे आणि त्याचं मूळ गाडीच्या जन्मकथेत आहे. ९२४ ही पोर्शेने फोक्सवागनसाठी आखलेली गाडी. फोक्सवागनने प्रकल्प सोडून दिला, तेव्हा पोर्शेने तो परत विकत घेतला आणि १९७५च्या अखेरीला नेकारझुल्मच्या कारखान्यात, पूर्वी जिथे एनएसयूच्या गाड्या बनत तिथे, उत्पादन सुरू झालं. इंजिन दोन लिटरचं, ऑडीच्या घराण्यातलं, ब्लॉक लोखंडी. त्याच घराण्यातलं इंजिन फोक्सवागनच्या एलटी व्हॅनलाही बसवलं जाई, म्हणून ‘व्हॅनचं इंजिन’ असं ९२४ला हिणवलं गेलं. मला हे हिणवणं कधीच पटलं नाही. युरोपातल्या गाडीत हे इंजिन १२५ अश्वशक्ती देतं, गाडीचं वजन जेमतेम ११०० किलो आणि ते पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास समसमान वाटलेलं. वळणावर ही गाडी जशी वागते तशा वागणाऱ्या गाड्या या किमतीत फार थोड्या. आणि ब्लॉक लोखंडी असल्यामुळे सिलिंडर झिजला तर नेहमीच्या पद्धतीने बोअरिंग करून, म्हणजे सिलिंडर आतून थोडा मोठा कोरून, इंजिन पुन्हा उभं करता येतं. बेताच्या बजेटवाल्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

९४४ बाजारात आली १९८२मध्ये. तिचं अडीच लिटरचं इंजिन पोर्शेचं स्वतःचं, पोर्शेच्याच ९२८ या मोठ्या गाडीच्या आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाची एक बाजू घेऊन बांधल्यासारखं. पूर्ण ॲल्युमिनियमचं, सिलिंडरला वेगळा लायनर, म्हणजे आतलं अस्तर, नाही, १६३ अश्वशक्ती. एवढं मोठं चार सिलिंडरचं इंजिन थरथरतं, म्हणून पोर्शेने मित्सुबिशीकडून परवाना घेऊन त्यात दोन बॅलन्स शाफ्ट बसवले. ते इंजिनाच्या दुप्पट वेगाने फिरतात आणि थरथर मारतात. चालवताना त्याचा फायदा लगेच जाणवतो: खालच्या आरपीएमपासून दम आहे, आवाज भरीव आहे. दोन्ही गाड्या एकामागोमाग चालवून बघितल्या तर बहुतेक जण ९४४ निवडतील आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

पण खर्चही याच इंजिनात आहे. ९४४ला दोन दातेरी बेल्ट आहेत: एक कॅमशाफ्टसाठी (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), दुसरा बॅलन्स शाफ्टसाठी. कॅमचा बेल्ट तुटला किंवा दात सुटले की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, खाली उतरवावं लागतं. बॅलन्स शाफ्टचा बेल्ट तुटून त्याचा तुकडा कॅमच्या बेल्टमध्ये गेला तरी परिणाम तोच. वॉटर पंपही कॅमच्याच बेल्टवर फिरतो. तो जाम झाला तर बेल्ट घेऊन जातो. म्हणून जाणती माणसं दर तीन-चार वर्षांनी दोन्ही बेल्ट बदलतात, रोलर बदलतात आणि पंप जुना असेल तर त्याच वेळी तोही बदलून टाकतात. नव्या बेल्टचा ताण थोडं अंतर चालल्यावर पुन्हा तपासावा लागतो. १९८७च्या मॉडेलपासून ताण देणारा स्प्रिंगचा टेन्शनर आला, त्याआधीच्या गाडीत सगळं मेकॅनिकच्या हातावर आहे.

‘बेल्ट बदललेत’ हे विक्रेत्याचं तोंडी सांगणं इथे धरू नका. पावती हवी, तीवर तारीख आणि किलोमीटर हवेत, आणि कोणते भाग बदलले त्याची नावं हवीत. गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर किलोमीटर कमी असूनही बेल्ट जुनाच समजावा, कारण रबर वयानेही मरतं. पावती नसेल तर बेल्टचा संपूर्ण खर्च किमतीतून वजा करून बोला, आणि काम होईपर्यंत गाडी चालवून घरी आणण्याऐवजी टो करून आणा. विक्रेत्याला राग आला तर येऊ द्या.

९४४च्या बाबतीत आणखी एक जागा अशी आहे जिथे खरेदीदार घाबरून चांगली गाडी सोडतो, किंवा न बघता वाईट गाडी घेतो. कूलंटच्या टाकीचं झाकण उघडलं आणि आत तपकिरी, लोण्यासारखा थर दिसला, तर सगळे म्हणतात हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधली सील, गेलं. पण कारण दुसरंही असू शकतं. साध्या, म्हणजे बिनटर्बोच्या ९४४मध्ये ऑइल कूलर इंजिनाला लागूनच बसवलेला असतो आणि त्यातलं तेल कूलंटने थंड होतं. त्याची सील कडक होऊन गळू लागली की तेल पाण्यात उतरतं. हे काम हेड गॅस्केटपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे, फक्त नंतर पूर्ण कूलिंग सिस्टिम पुन्हा पुन्हा धुवावी लागते. नक्की कोणतं कारण आहे ते बघायला कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट आणि सिलिंडरची लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून गळते ते बघणं) करून घ्या. त्या दोन चाचण्यांचा खर्च सौद्याआधी केलेला बरा.

९२४च्या इंजिनाला ही दुखणी नाहीत, तिची वेगळी आहेत. तिचं फ्युएल इंजेक्शन बॉशचं के-जेट्रॉनिक, बरंचसं यांत्रिक. चालत्या गाडीत ते वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. उभ्या गाडीत मात्र शिळं पेट्रोल आत गंज धरवतं आणि सिलिंडरांना पेट्रोल वाटून देणारा फ्युएल डिस्ट्रिब्युटर महाग आहे. म्हणून ९२४ बघायला जाल तेव्हा गाडी आधीच गरम करून ठेवू नका असं कळवा. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू होऊ दे. मग चांगली अर्धा तास चालवा, बंद करा, पंधरा-वीस मिनिटं गप्पा मारा आणि पुन्हा स्टार्टर मारा. गरम इंजिन खूप वेळ फिरूनही पेटत नसेल तर लाइनमधला दाब टिकत नाहीये; बहुधा तो दाब धरून ठेवणारा फ्युएल ॲक्युम्युलेटर किंवा पंपाचा व्हॉल्व्ह. हे दुरुस्त होतं, पण किमतीत धरायला हवं.

९४४चं इंजेक्शन आणि इग्निशन एका इलेक्ट्रॉनिक युनिटवर चालतं. ती अचानक बंद पडते तेव्हा अनेकदा दोषी असतो एक छोटा रिले (विजेवर चालणारा स्विच), त्याच्या आतले जोड तडकतात. ९४४ घेणाऱ्याने हा रिले जादा घेऊन गाडीत ठेवावा.

काही खर्च दोघींचे सारखेच. क्लच बदलायचा म्हणजे मागचा गिअरबॉक्स आणि इंजिन-गिअरबॉक्स जोडणारी मधली टॉर्क ट्यूब हलवावी लागते. क्लच प्लेट स्वस्त, मजुरी मोठी. साध्या ९४४च्या मूळ क्लच प्लेटच्या मध्यभागी रबर असतं, ते वयाने फाटतं. ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की मधूनच ठोका बसतो का ते ऐका. गंजाबद्दल लोक निर्धास्त असतात, कारण पत्र्यावर जस्ताचा थर आहे. पण सुरुवातीच्या ९२४मध्ये तो सगळ्या भागांना नव्हता. संपूर्ण बॉडीला तो १९८०च्या आसपास आला. आणि जस्त असलं तरी अपघातानंतर वेल्डिंग केलेल्या जागी ते उरत नाही. बॅटरीखालचा ट्रे ॲसिडने सडतो आणि पावसाचं पाणी तिथून केबिनमध्ये उतरतं, म्हणून पायाखालचं कार्पेट उचलून हात लावून बघा. डिकीतलंही उचला, मागच्या मोठ्या काचेची चौकट सुटली की पाणी तिथे साचतं.

सस्पेंशनमध्ये एक बारकावा आहे. ९२४ आणि सुरुवातीच्या ९४४चे पुढचे कंट्रोल आर्म (चाक बॉडीला जोडणारे दांडे) लोखंडी, फोक्सवागनच्या पद्धतीचे, त्यांचा बॉल जॉइंट वेगळा बदलता येतो. नंतरच्या ९४४ला ॲल्युमिनियमचे आर्म आले आणि बॉल जॉइंट त्यातच बसवलेला. झिजला तर आख्खा आर्म बदला किंवा दुरुस्तीचं किट शोधा. म्हणजे नवी ९४४ म्हणजे कमी खर्चाची ९४४, असं होत नाही.

टर्बोबद्दल थोडक्यात: ९२४ टर्बो आणि ९४४ टर्बो दोन्ही फार सुंदर गाड्या आहेत आणि बेताच्या बजेटवर त्या घेऊ नयेत. स्वस्तात मिळालेली टर्बो म्हणजे कोणीतरी पुढे ढकललेला खर्च.

मग घ्यायची कोणती? स्वतःच्या हाताने काम करणार असाल, वेगापेक्षा हलकेपणा आवडत असेल, तर १९८० ते १९८५मधली, सतत चालत आलेली ९२४ घ्या. मेकॅनिककडेच देणार असाल आणि पावत्यांची जाड फाइल असलेली ९४४ मिळत असेल तर तिच्यासाठी थोडे जास्त पैसे मोजा. स्वस्त आणि बिनपावतीची ९४४ या पर्यायांत सगळ्यात महाग पडते, तिच्या वाटेला जाऊ नका. कोणतीही घेतलीत तरी ठरवलेल्या रकमेचा निदान चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवा.

आणि एक तिसरी गाडी आहे जिच्याकडे बघायला लोक विसरतात: ९२४ एस. १९८६ ते १९८८च्या मॉडेलमध्ये पोर्शेने ९२४च्या सडपातळ बॉडीत ९४४चं अडीच लिटरचं इंजिन बसवलं, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि पाच बोल्टची चाकं दिली. सुरुवातीला १५० अश्वशक्ती, १९८८च्या मॉडेलला १६०. फुगीर पत्रा नसल्यामुळे अनेकजण तिला साधी ९२४ समजून पुढे जातात, आणि चेसिस नंबरमध्येही ९२च असतं. माझा स्वतःचा कल तिच्याकडेच आहे. फक्त ती बघायला जाताना ९४४ची यादी घेऊन जा: दोन्ही बेल्टच्या पावत्या, कूलंटच्या टाकीचं झाकण, क्लचचा ठोका.