एरिच हार्टमन
एरिच हार्टमन (1922–1993) हा दुसऱ्या महायुद्धातला जर्मन फायटर पायलट. नावावर पाडलेली 352 विमानं, इतकी आजवर कुणाच्याच नाहीत. सोव्हिएत रेकॉर्ड तपासणारे काही अभ्यासक हा आकडा फुगवलेला आहे म्हणतात, आणि नाझी प्रचाराला असे हिरो हवेच होते हेही खरंच.

आई ग्लायडर उडवायची, तिच्याकडूनच तो शिकला. 1942 च्या ऑक्टोबरमध्ये पूर्व आघाडीवर जेजी 52 या फायटर तुकडीत गेला आणि पहिल्याच उड्डाणात आपल्याच लीडरला शत्रू समजून पळत सुटला, इंधन संपलं, विमान कसंबसं पोटावर उतरवलं, मग शिक्षा म्हणून तीन दिवस मेकॅनिक लोकांच्या हाताखाली काम. 5 नोव्हेंबरला पहिलं इल-2 (सोव्हिएत हल्ला विमान) पाडलं तर त्याचेच तुकडे लागून स्वतःचं मेसरश्मिट फायटरही खाली आलं.

हे तुकड्यांचं प्रकरण त्याच्या पद्धतीतच होतं. गिरक्या घेत डॉगफाइट करायच्या भानगडीत तो शक्यतो पडायचाच नाही. आधी बघायचं, हल्ला करायचा की नाही ते ठरवायचं, मारायचं आणि सटकायचं, बस. समोरच्या विमानाने कॉकपिटची काच पूर्ण भरल्याशिवाय ट्रिगर दाबायचा नाही, म्हणजे गोळ्या वाया जात नाहीत, पण इतक्या जवळून विमान फुटलं की पत्रे आपल्याच अंगावर. 20 ऑगस्ट 1943 ला असंच झालं, सोव्हिएत हद्दीत उतरावं लागलं, पकडल्यावर आतून मार लागल्याचं नाटक केलं आणि चालत्या ट्रकमधून उडी मारून सूर्यफुलांच्या शेतात पसार.

300 चा आकडा ऑगस्ट 1944 मध्ये झाला, हिटलरने हिरेजडित नाइट्स क्रॉस हे मोठं शौर्यपदक दिलं. शेवटचं विमान 8 मे 1945 ला, ब्रनो (आताच्या चेकियातलं शहर) जवळ, म्हणजे जर्मनीने हत्यारं टाकली त्याच दिवशी. अमेरिकनांना शरण गेला, त्यांनी सोव्हिएतांकडे सोपवला. युद्ध गुन्हेगार ठरवून 25 वर्षांची शिक्षा झाली, 1955 मध्ये सुटला (रशियाने ती शिक्षा 1997 मध्ये रद्द केली, तेव्हा हा जिवंत नव्हता). कैदेत असतानाच मुलगा गेला, ज्याला त्याने कधी पाहिलंही नव्हतं.

पुढे पश्चिम जर्मनीच्या हवाई दलात जेजी 71 या फायटर तुकडीचा पहिला कमांडर झाला. अमेरिकन स्टारफायटर जेट विमान घेऊ नका, आपल्या पोरांना एवढ्यात झेपणार नाही, असं वरिष्ठांना तोंडावर सांगायचा आणि त्यामुळे डोळ्यात सलायचा. त्या विमानांच्या अपघातात शंभरावर पायलट गेले. हार्टमनने 1970 मध्ये कर्नल म्हणून नोकरी सोडली.