इंडियन ओशन आणि ‘इंडी’ या शब्दाचा गुंता : पार्श्वभूमी

दिल्लीत करोल बागेत १६/३३०, खजूर रोड हा एका जुन्या घराचा पत्ता. इंडियन ओशन या बँडची तालीम तिथे वर्षानुवर्षं चालली. २०१० मध्ये बँडने याच पत्त्याचं नाव देऊन अल्बम काढला आणि तो विकायला न ठेवता फुकट वाटला. सात गाणी होती. दर महिन्याला एक गाणं बँडच्या वेबसाइटवर यायचं, ज्याला हवं त्याने ते उतरवून घ्यावं. भारतातल्या इंडी, म्हणजे ‘इंडिपेंडंट’ (स्वतंत्र) रॉकची गोष्ट सांगायला बसलं की हा प्रसंग आणि हा बँड टाळता येत नाही. पण बँड १९९० चा आहे आणि त्याच्या वाटचालीचा पहिला मोठा टप्पा ‘इंडी’ या शब्दात नीट बसत नाही. तो का बसत नाही, हे समजलं तर २०१० च्या निर्णयाचं वजनही समजतं.

त्याआधीचा काळ थोडक्यात. १९७० आणि ७१ मध्ये एका सिगारेटच्या ब्रँडने देशभरातल्या बँडची स्पर्धा भरवली आणि निवडक बँडच्या एलपीही निघाल्या. १९८६ पासून मुंबईत स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने रॉकचा मोठा कार्यक्रम होऊ लागला आणि धोबीतलावाचं रंगभवन हे रॉकवाल्यांचं घर झालं. कॉलेजच्या महोत्सवांत मात्र परदेशी गाणी जशीच्या तशी वाजवणारा बँड सरस ठरायचा. स्वतःची चाल, स्वतःचे शब्द घेऊन उभं राहणाऱ्याला ‘ओळखीचं काहीतरी वाजवा’ असं सुनावलं जायचं. स्वतःचं जे लिहिलं जायचं तेही बहुतेक इंग्रजीत.

इंडियन ओशनची सुरुवात या वर्तुळाच्या बाहेर झाली. एक गिटारवादक आणि एक तबला वाजवत गाणारा गायक १९८४ मध्ये एकमेकांना भेटले. सहा वर्षांनी, १९९० मध्ये, बँडला नाव मिळालं आणि ते गिटारवादकाच्या वडिलांनी सुचवलेलं होतं. १९९१ मध्ये बेसवादक आला. अमेरिकेतल्या विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट केलेला हा माणूस नर्मदेच्या खोऱ्यात आंदोलनाचं काम करत होता. आपल्याकडे तेव्हा सरदार सरोवर धरणात बुडणाऱ्या मणिबेली गावाचं नाव रोज वर्तमानपत्रात असायचं, तोच हा काळ. खोऱ्यातलं रेवामाईचं, म्हणजे नर्मदेचं लोकगीत त्याच्याबरोबर बँडमध्ये आलं आणि पुढे बँडचं सर्वांत ओळखीचं गाणं झालं. १९९४ मध्ये ड्रमर आला. तो ड्रमबरोबर गबगुबी वाजवतो. गबगुबी म्हणजे बंगालच्या बाउल गायकांचं वाद्य, काखेत धरून तार छेडायची आणि हाताच्या ओढीने स्वर वरखाली करायचा. या चौघांची जोडणी पुढची पंधरा वर्षं टिकली.

हा बँड मंचावर कसा दिसायचा हे सांगायला हवं, कारण कुठल्याही शब्दात तो का मावत नाही याचं अर्धं उत्तर त्यात आहे. रॉक बँडचा गायक मधोमध उभा असतो. इथे मुख्य गायक मांडी घालून खाली बसलेला, दोन्ही हात तबल्यावर आणि तोंडासमोर माइक. तबला वाजवताना गाणं किती अवघड आहे हे तबलजींना विचारा. ठेका हातात चालू ठेवायचा आणि आवाज त्या ठेक्यापासून सुटा ठेवायचा. तो ताण त्याच्या आवाजात कधी ऐकू आला नाही. शेजारी उभ्या बेसवादकाचा आवाज खडा आणि मोकळा. रेवामाईच्या गाण्यात बेसच मोकळेपणाने नाचत राहतो, आणि धृपद आलं की समोरची गर्दी ते स्वतःच उचलते.

पहिला अल्बम १९९३ मध्ये आला, आणि तो काढला देशातल्या सर्वांत जुन्या रेकॉर्ड कंपनीने. दुसरा, १९९७ चा, स्टुडिओत झालाच नाही. रस्त्यावरच्या नाटकात मारल्या गेलेल्या रंगकर्मीच्या स्मरणार्थ दिल्लीत होणाऱ्या कार्यक्रमातलं ते थेट ध्वनिमुद्रण होतं. तिसरा मार्च २००० मध्ये आला तो ‘कंदिसा’, एका मोठ्या वृत्तपत्रसमूहाच्या संगीत कंपनीकडून. त्यात केरळच्या सीरियन ख्रिस्ती चर्चमधली अरामी प्रार्थना होती, भोजपुरीतली क्रांतिकारी कविता होती आणि नर्मदेचं गाणंही होतं. दुकानदाराने हा अल्बम कुठल्या खणात ठेवायचा? फ्यूजन, रॉक, सुफी, लोकसंगीत, सगळीकडे तो ठेवला गेला. २००३ च्या पुढच्या अल्बममध्ये कबीर आला.

आता तो शब्द. ‘इंडी’ म्हणजे ‘इंडियन’ नव्हे, हे अजूनही सांगावं लागतं, आणि त्यात ऐकणाऱ्यांचा दोष नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘इंडिपॉप’ नावाची लाट आली आणि त्यातलं ‘इंडि’ खरोखरच इंडियन होतं. म्युझिक व्हिडिओ, उपग्रह वाहिन्या आणि मोठ्या कंपन्यांचे करार या तिन्हींवर ती लाट उभी होती. तिच्यात स्वतंत्र असं फार थोडं होतं. दहा-पंधरा वर्षांनी ‘इंडी’ हा वेगळा शब्द रूढ झाला तेव्हा लोकांनी दोन्ही एकाच पेटीत टाकले.

मूळ शब्दाची कहाणी ब्रिटनमधली. जानेवारी १९८० मध्ये तिथे इंडी रेकॉर्डची वेगळी साप्ताहिक यादी निघू लागली. यादीत यायचा निकष संगीताच्या शैलीचा नव्हता. रेकॉर्ड दुकानापर्यंत कोण पोहोचवतं एवढंच पाहिलं जायचं. बड्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून आली असेल तर ती इंडी. त्यामुळे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नाचाची चकचकीत पॉप गाणीही त्या यादीत दिसू लागली, कारण त्यांचं वितरण स्वतंत्र होतं. उलट खणखणत्या गिटारचे, थोडे लाजरेबुजरे बँड बड्या कंपनीत गेले तरी लोक त्यांना इंडीच म्हणत राहिले. म्हणजे व्यवहाराचा शब्द हळूहळू आवाजाचा शब्द झाला. निकष बदलून मालकी पाहायला सुरुवात झाली ती थेट २००९ मध्ये.

भारतात हा शब्द आला तो आवाजाचा होऊनच आणि इथे त्याला तिसरा अर्थ चिकटला, ‘सिनेमातलं नसलेलं’. सिनेसंगीताने बाजार इतका व्यापलेला असताना हे स्वाभाविक होतं, पण मला तो अर्थ मान्य नाही. सिनेमातलं नाही एवढीच कसोटी असेल तर आपलं भावगीत १९३० च्या दशकापासून इंडी आहे. ते रेकॉर्डवर होतं, घराघरांत होतं आणि सिनेमाशी त्याचा संबंध नव्हता. पण ती रेकॉर्ड कंपनीची होती. कुठली गाणी घ्यायची, किती प्रती काढायच्या, कलावंताला काय द्यायचं, हे सगळं कंपनी ठरवायची. त्याला कुणी स्वतंत्र म्हटलं नाही, आणि बरोबरच केलं.

खरी कसोटी ध्वनिमुद्रणाच्या मालकीची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाण्याचे शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत कायदा निर्मात्यालाच कर्ता मानतो, म्हणजे ज्याने खर्च आणि जुळवाजुळव केली त्याला. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला नव्हे. हा हक्क साठ वर्षं चालतो. कंपनीने पैसे घातले की मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, कंपनीचा. तरुण बँड करारावर सही करताना स्टुडिओ मिळाल्याच्या आनंदात असतो आणि साठ वर्षं हा आकडा त्याच्या डोक्यात येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा करारानेही काढून घेता येणार नाही अशी तरतूद केली. ती फार मोलाची होती, पण मास्टर कुणाचा या प्रश्नाला तिने हात लावला नाही.

या कसोटीवर पाहिलं तर १९९३ आणि २००० चा इंडियन ओशन वृत्तीने स्वतंत्र होता, व्यवहाराने नव्हता. हे बँडला उणेपणा आणणारं नाही. तेव्हा दुसरी वाटच नव्हती. कॅसेट छापायची, देशभरच्या दुकानांत पोहोचवायची आणि विक्रीचे पैसे वसूल करायचे हे चार वादकांचं काम नव्हे.

मधल्या काळात बँड घराघरांत पोहोचला तो सिनेमातूनच. मुंबईच्या १९९३ च्या बाँबस्फोटांवरच्या चित्रपटाला त्यांनी संगीत दिलं. चित्रपट २००५ मध्ये न्यायालयात अडकला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये प्रदर्शित झाला, तोवर त्यातलं गाणं कॉलेजांच्या हॉस्टेलांत पाठ झालेलं होतं. ‘सिनेमातलं नसलेलं’ ही कसोटी लावणाऱ्यांची इथे अडचण होते. सिनेमासाठी केलेलं ते गाणं ऐकताना बँड बदलला असं कुणालाच वाटलं नाही.

मग २०१०. फुकट देण्याचा निर्णय तेव्हाही वादाचा होता आणि आजही आहे. इंग्लंडमधल्या एका नामवंत बँडने २००७ मध्ये ‘वाटेल ती किंमत द्या’ म्हणून अल्बम वेबसाइटवर ठेवला होता, त्यामुळे कल्पना अगदी नवी नव्हती. आक्षेप असा होता की नाव झालेल्या बँडला फुकट देणं परवडतं, नव्याने सुरू करणाऱ्याला नाही, आणि मोठ्यांनीच गाणं फुकट केलं तर लहानांच्या गाण्याला कोण पैसे देणार? दुसरा आक्षेप प्रायोजकावर होता. या उपक्रमाला व्हिस्कीच्या एका ब्रँडचं पाठबळ होतं. आपल्याकडे दारूची उघड जाहिरात करता येत नाही, म्हणून असे ब्रँड संगीताच्या आडोशाने येतात. चाळीस वर्षांपूर्वी सिगारेट, आता व्हिस्की, मग स्वतंत्र ते काय?

पहिला आक्षेप मला गंभीर वाटतो. आज नव्या बँडला कार्यक्रमाचे पैसे मिळतात, गाण्याचे जवळजवळ नाही, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकतही नाही. तरी त्याचं खापर या अल्बमवर फोडणं चूक आहे. २०१० मध्ये भारतात गाणं इंटरनेटवर रीतसर विकत घ्यायची सोय नावापुरती होती. परदेशातलं सर्वांत मोठं डिजिटल गाण्यांचं दुकान इथे उघडलं ते डिसेंबर २०१२ मध्ये. डिजिटल कमाई कॉलर ट्यूनमधून यायची आणि त्यात फोन कंपनीचा वाटा मोठा असायचा. गाणी सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर आणि तिथून मित्रांच्या मित्रांकडे जातच होती. म्हणजे बँडपुढे विकायचं की फुकट द्यायचं असा पर्याय फारसा नव्हताच. चोरून पसरणारं गाणं आपल्या हाताने, चांगल्या दर्जात, आपल्या नावानिशी द्यायचं का, एवढा प्रश्न होता. त्यांनी होय म्हटलं. प्रायोजकाबद्दल एवढंच म्हणेन की प्रायोजकाचे पैसे कार्यक्रम संपला की संपतात, कंपनीचा मास्टरवरचा हक्क साठ वर्षं राहतो. दोन्हींना एकाच मापाने मोजू नये.

या अल्बममागे आणखी एक गोष्ट होती. गाणी ध्वनिमुद्रित झाल्यावर आणि प्रसिद्ध व्हायच्या आधी, २५ डिसेंबर २००९ रोजी, तबला वाजवत गाणारा तो संस्थापक गेला. दर महिन्याला येणाऱ्या गाण्यात त्याचा आवाज होता. जुलै २०१० मध्ये पहिलं गाणं आलं तेव्हा ते ऐकताना घसा दाटून आला नाही असा त्यांचा जुना श्रोता मला माहीत नाही. त्याच वर्षी बँडवरचा माहितीपट चित्रपटगृहात लागला, आणि ऑगस्टमध्ये शेतकरी आत्महत्यांवरच्या एका चित्रपटातली बँडची गाणी गाजली. फुकटचा अल्बम आणि सिनेमाचं संगीत, दोन्ही एकाच मोसमात.

रिकाम्या जागी दोघांना घ्यावं लागलं, एक तबल्यासाठी आणि एक गाण्यासाठी. २०१३ मध्ये दुसरा संस्थापक, गिटारवादकही बाहेर पडला आणि त्या जागी नवा गिटारवादक आला. २०१४ च्या अल्बममध्ये प्रत्येक गाण्याला बाहेरचा एक कलावंत सोबतीला घेतला होता. पुढच्याच वर्षी बनारसच्या घाटांवर घडणाऱ्या एका चित्रपटाचं संगीतही त्यांनी केलं. ज्या दोघांनी बँड उभा केला त्यांच्यापैकी आता कुणी त्यात नाही. बेसवादक आणि ड्रमर आहेत. रेवामाईचं गाणं आजही होतं, आणि धृपद आजही समोरची गर्दीच उचलते.