पडद्यावरचे हिसके : चोवीस, पन्नास आणि साठचा जुना वाद

टीव्हीला पीसी जोडला, नवा सिनेमा लावला, चित्र झकास. पण कॅमेरा आडवा फिरला की बारीक बारीक हिसके बसतात. बहुतेक जण आधी रॅम वाढवतात. पैसे जातात, हिसके राहतात. हा दोष यंत्राच्या ताकदीचा नाहीच, मोजणीचा आहे, आणि ती मोजणी टीव्हीपेक्षाही जुनी आहे.

बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात कॅमेरा घडवला तो १९१८ च्या सुमाराचा काळ मूकपटांचा. कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरवायचं. सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, पडतील ते कॅमेरामनच्या मनगटावर. बोलपट आले आणि ही मोकळीक संपली. आवाजाची पट्टी फिल्मवरच, म्हणजे वेग हलला की सूरही हलणार. म्हणून सेकंदाला २४ फ्रेम हा आकडा ठरला. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये आला तोवर तो पक्का झाला होता.

टीव्हीने मात्र विजेचा हात धरला. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून पॅल या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला ५० अर्धी चित्रं (प्रत्येकात एकाआड एक ओळी), म्हणजे २५ पूर्ण. दूरदर्शनचं १९८२ चं रंगीत प्रक्षेपण याच पद्धतीचं. २४ चा सिनेमा इथे थोडा पळवून २५ वर बसवत. अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपायचा आणि गायिकेचा आवाज किंचित चढायचा. हिसका मात्र नाही.

पीसीचा पडदा सहसा ६० हर्ट्झवर चालतो, म्हणजे सेकंदाला ६० फेऱ्यांत चित्र नव्याने दाखवतो, आणि खरी गोची तिथे आहे. उद्यमनगरातल्या लेथवाल्याला हे गणित समजवावं लागत नाही: साठला चोवीसने भागलं की अडीच येतात. पडद्याला अर्धा फेरा दाखवता येत नाही, म्हणून एक फ्रेम तीन फेरे थांबते, पुढची दोन. एक ५० मिलिसेकंद, दुसरी ३३. डोळा नेमकं तेच पकडतो. त्यात अमेरिकेने १९५३ मध्ये रंगीत टीव्हीसाठी ६० चे ५९.९४ केले; त्यामागोमाग सिनेमाचे २४ व्हिडिओत २३.९७६ झाले. पडदा नेमका २४ वर ठेवून अशी फाइल लावली, तर साधारण दर ४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दिसते.

उपाय फुकट आहे. कोडी या सिनेमे लावायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्ज, प्लेअर, व्हिडिओज या क्रमाने जाऊन पडद्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे फेऱ्यांचा वेग, व्हिडिओप्रमाणे बदलण्याचा पर्याय ‘सुरू होताना आणि थांबताना’ असा ठेवायचा. सिनेमा सुरू होताना टीव्ही क्षणभर काळा होईल. तो बिघाड नव्हे.

हिसके आडव्या दृश्यापुरते नसून सगळं चित्रच स्लाइड शोसारखं सरकत असेल आणि आवाज पुढे पळत असेल, तर दुखणं दुसरं, कोडेकचं, म्हणजे व्हिडिओ आवळण्या-उलगडण्याच्या पद्धतीचं. व्हीसीडी १९९३ ची: एमपीईजी-१, ३५२ बाय २८८, एका डिस्कवर ७४ मिनिटं, म्हणून हिंदी सिनेमाला दोन-तीन डिस्क. पुढे डीव्हीडीचं एमपीईजी-२, २००३ मध्ये एच.२६४, २०१३ मध्ये एचईव्हीसी, २०१८ मध्ये एव्ही१. प्रत्येक पायरीला फाइल लहान होत गेली आणि ती उलगडण्याचं काम वाढत गेलं. ते काम चिपमधल्या खास भागाने केलं तर प्रोसेसर निवांत. नाही तर तो शंभर टक्क्यांवर जाऊन गरम होतो. चालू व्हिडिओवर कीबोर्डवरचं ‘ओ’ दाबलं की कोडी डिकोडरचं, म्हणजे फाइल उलगडणाऱ्याचं, नाव दाखवतं. त्यापुढे ‘एचडब्ल्यू’ असेल तर ठीक. ‘एसडब्ल्यू’ म्हणजे सगळा भार प्रोसेसरवर.

कोडी स्वतः एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी जन्मलं; एक्सबीएमसी हे जुनं नाव २०१४ मध्ये बदललं. जुना चौथ्या पिढीचा इंटेल डेस्कटॉप त्यासाठी वापरणार असाल तर १०-बिट (रंगांच्या जास्त छटांचं) एचईव्हीसी चिपने उलगडण्याची आशा सोडा. ती सोय सातव्या पिढीपासून. त्या पिढीतही मदरबोर्डवर टीव्हीला जोडायचं एचडीएमआय १.४ चंच पोर्ट असलं तर ४के ३० हर्ट्झच्या पुढे जात नाही. आज नवं घ्यायचंच तर इंटेलच्या एन१०० चिपचा मिनी पीसी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी पुरे. एव्ही१ ही त्यात चालतं. घेताना फक्त एचडीएमआय २.० किंवा वरचं आहे ना एवढं बघा.

राहिल्या लग्नाच्या जुन्या कॅसेटी. त्या पॅलच्या, अर्ध्या चित्रांच्या. डिजिटल केल्यावर वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्यासारखे दात फुटले तर अर्ध्या चित्रांची पूर्ण करणारं डीइंटरलेस चालू करा, आणि ते २५ नव्हे, ५० फ्रेम देईल असं ठेवून पडदा ५० हर्ट्झवर न्या. नवरदेव बारीक दिसत असेल तर चित्राचं प्रमाण ४:३ करा. ७२० बाय ५७६ चे ठिपके चौरस नसतात. आणि घोडा एक पाऊल पुढे, अर्धं मागे असा चालत असेल तर फील्डचा, म्हणजे अर्ध्या चित्रांचा, क्रम उलटा धरला गेलाय. मिनी डीव्ही या छोट्या डिजिटल कॅसेटींमध्ये खालचं फील्ड आधी येतं.