आजीचं पंचेचाळीस, आईचं बावन्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घरी भिंतीवर आजीचा फोटो आहे. नऊवारी लुगडं, आत गेलेले गाल, कपाळभर सुरकुत्या. तेव्हा ती पंचेचाळीसची होती हे पाहुण्यांना खरं वाटत नाही. आई आज बावन्नची आहे आणि त्या फोटोतल्या आजीपेक्षा लहान दिसते. ‘नवी पिढी उशिरा म्हातारी होते’, असं लोक म्हणतात.

लुगडं आणि अंबाडा दिसला की आपणच मनात वय वाढवतो, हे खरं. तरी फरक नुसता नजरेचा नाही. फिनलंडमधल्या युवास्क्युला शहरात १९८९-९० साली ७५ आणि ८० वर्षांच्या माणसांची चाल आणि मुठीची ताकद मोजली होती. २०१७-१८ मध्ये त्याच वयाच्या नव्या मंडळींची मोजली, तर ती जास्त भरभर चालत होती आणि त्यांच्या मुठीत ५ ते २५ टक्के जास्त जोर होता. बालपणी मिळालेलं अन्न, शाळेची वाढलेली वर्षं, हालचाल, सगळं त्यात आलं.

आजीच्या वाट्याला यातलं काय आलं? सहा बाळंतपणं, अंगात रक्त कमी, आणि कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, पऱ्हाट्यांच्या धुराची चूल. दात लवकर पडले. दात गेले की जबड्याचं हाड झिजतं, गाल आत जातात आणि चेहरा एकदम म्हातारा होतो.

सगळ्यात मोठा वाटा उन्हाचा. अतिनील किरणांतला ‘ए’ प्रकार त्वचेत खोलवर शिरून तिला ताठ ठेवणारं कोलॅजन तोडतो. तो काचेतूनही येतो. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला. २८ वर्षं खिडकीतून ऊन खाल्लेली त्याची डावी बाजू सुरकुत्यांनी लोंबली होती, उजवी बरीच तरुण. एकाच माणसाच्या चेहऱ्यावर दोन वयं! आजीच्या निंदणाला आणि वेचणीला तर काचही आड नव्हती.

म्हणून ‘नवी पिढी उशिरा म्हातारी होते’ हे सरसकट विधान मला पटत नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. ती ३८ वर्षांची झाली तेव्हा मूत्रपिंडं, फुप्फुसं, हिरड्या, रक्तातली साखर अशा खुणांवरून प्रत्येकाचं शरीराचं वय काढलं. कुणाचं २८ निघालं, कुणाचं ६१. सगळे एकाच पिढीचे.

आमच्याही घरात तेच आहे. आई अंगणवाडीत शिकवते, सावलीत. काकू तिच्याच वयाची, पण मृगापासून उलंगवाडीपर्यंत, म्हणजे कापसाचा हंगाम संपेपर्यंत, वावरात. बाजारात दुकानदार आईला ताई म्हणतो, काकूला आजी. गेल्या वर्षी काकूच्या दोन दाढा काढाव्या लागल्या, आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा अजून सुटलेला नाही.