कैलासाला गेलं की माणूस झपाट्याने म्हातारा होतो, हे खरं आहे का?

कैलासजवळ १२ तासांत नखं आणि केस दोन आठवड्यांएवढे वाढतात, हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय आणि काही टूरवाले गाइडसुद्धा तो यात्रेकरूंना छातीठोकपणे सांगतात. असं काहीही होत नाही. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे दोन आठवड्यांत दीड मिलिमीटर, तेव्हा निघायच्या दिवशी नखाच्या मुळाशी नेलपॉलिशची बारीक रेघ मारून ठेवा, दुसऱ्या दिवशी ती जिथल्या तिथेच दिसेल. थंडीत तर नखं उलट हळू वाढतात.

मग लोक थकलेले, वयस्कर का दिसतात? अहो, ५२ किलोमीटरची परिक्रमा, त्यात ५,६०० मीटरच्या वरची डोल्मा ला खिंड, तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, वर कोरडा वारा आणि कडक ऊन. ओठ फुटतात, कातडी सुरकुतते, चेहरा सुजतो, झोप लागत नाही. तिबेटी बौद्ध लोक शतकानुशतकं ही परिक्रमा करतायत, काही जण तर पूर्ण वाट साष्टांग दंडवत घालत, त्यांचं कुणाचं वय पळालेलं नाही.

मला या अफवेचा खरा राग येतो तो यासाठी, की डोकं ठणकणं, उलट्या, धाप लागणं हे सगळं ‘पर्वताची शक्ती’ म्हणून खपवलं जातं. ती उंचीच्या आजाराची लक्षणं असू शकतात. तेव्हा आणखी वर चढायचं नाही, आणि तोल जायला लागला, बोलणं अडखळलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर ताबडतोब खाली उतरायचं, परिक्रमा अर्धी राहिली तरी.