शालेय क्रीडांगणांचा सार्वजनिक वापर

शाळा सुटल्यावर, रविवारी आणि लांब सुट्ट्यांत शाळेचे मैदान आसपासच्या रहिवाशांना खेळण्या-फिरण्यासाठी खुले ठेवण्याची पद्धत. दाट वस्तीच्या शहरात नव्या बागेसाठी जागा मिळत नाही, मिळालीच तर परवडत नाही. सरकारी किंवा पालिकेच्या शाळेची जागा मात्र आधीपासूनच सार्वजनिक, वस्तीला लागून आणि बराच काळ रिकामी असते. भारताच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरावी लागते. उरलेले साधारण पाच महिने आणि रोजची संध्याकाळ मैदान मोकळेच राहते.

या पद्धतीचा जुना आणि बराच पल्ला गाठलेला प्रयोग न्यूयॉर्कचा. तिथे १९३८ साली शिक्षण मंडळ आणि उद्यान खाते यांच्यात समझोता झाला. शाळेलगतची जमीन मंडळाने द्यायची, मैदान बांधायचे आणि सांभाळायचे उद्यान खात्याने. शाळेच्या वेळात ते विद्यार्थ्यांचे, एरवी सगळ्यांचे. या समझोत्याबाहेर राहिलेली अनेक पटांगणे मात्र डांबर ओतलेली आणि कुलूपबंदच राहिली. काहींचा तर वाहनतळ झाला. २००७ साली महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या ‘प्लॅनवायसी’ आराखड्यात, २०३० पर्यंत प्रत्येक रहिवाशाला दहा मिनिटे चालून बाग किंवा मैदान गाठता यावे, असे उद्दिष्ट ठरले आणि त्यासाठी सुमारे २९० शालेय मैदाने हेरण्यात आली. काही तशीच उघडता येण्याजोगी होती, बाकीच्यांवर खर्च करावा लागणार होता. ‘द ट्रस्ट फॉर पब्लिक लँड’ या संस्थेच्या कामात आराखडा ठरवायला त्या-त्या शाळेची मुले बसतात. धावपट्टी हवी की बास्केटबॉल, सावली कुठे, बाक कुठे, याचा काथ्याकूट तेच करतात. पुढे शहराचे जलखातेही यात आले. न्यूयॉर्कच्या मोठ्या भागात सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच गटारातून वाहते आणि जोराच्या सरीत ते नदीत ओसंडते. मैदानाचा पृष्ठभाग सच्छिद्र करून खाली खडीचा थर दिला की तेवढे पाणी जागीच मुरते. मुलांच्या खेळासाठी हात आखडणारी तिजोरी गटारासाठी सैल सुटते, हा अनुभव कोणत्याही पालिकेला परका नसावा.

पॅरिसमध्ये निमित्त उन्हाचे होते. डांबरी पटांगणे उन्हाळ्यात तापतात, म्हणून २०१८ पासून ‘ओअ‍ॅझिस’ प्रकल्पाखाली डांबर उखडून माती, झाडे आणि पाणी आणले जाऊ लागले. यांपैकी काही पटांगणे शनिवारी परिसरातील कुटुंबांसाठी उघडतात, तीही देखरेखीला माणसे ठेवून. जपानने १९६१ च्या क्रीडा प्रोत्साहन कायद्यातच, शिक्षणात अडथळा येणार नाही अशा बेताने शालेय सुविधा लोकांच्या खेळासाठी द्याव्यात, असे नमूद केले होते.

या योजना अडतात त्या बहुधा जागेपायी नव्हे. संध्याकाळी फाटक कोणी उघडायचे, रात्री कोणी लावायचे, सकाळी प्रार्थनेआधी कचरा कोणी उचलायचा, कोणी पडून हात मोडला तर जबाबदार कोण, हे लेखी ठरलेले नसेल तर सगळे मुख्याध्यापकांच्या गळ्यात येते आणि कुलूप हाच त्यांचा सोपा उपाय ठरतो. न्यूयॉर्कच्या १९३८ च्या व्यवस्थेचे खरे महत्त्व इथे आहे: देखभाल शाळेवर न टाकता ज्याचे ते कामच आहे अशा खात्याकडे गेली. इमारतीत न शिरता मैदानात जाता येईल असे वेगळे फाटक, तसेच नळ आणि स्वच्छतागृह हेही आधीच बघावे लागते.

महाराष्ट्राच्या खेड्यात चित्र बरेचसे उलटे आहे. जिल्हा परिषद शाळेचे मैदान कोणत्याही योजनेशिवाय गावाचेच असते: पहाटे पोलीस भरतीच्या तयारीसाठी धावणारी आणि गोळाफेक करणारी मुले-मुली, सुट्टीत टेनिस बॉलच्या स्पर्धा, कधी ग्रामसभा, निवडणुकीत मतदानाची रांग. इथे तक्रार असते ती दारूच्या बाटल्यांची, मोकाट गुरांची आणि अतिक्रमणाची. म्हणून शाळा व्यवस्थापन समित्या संरक्षक भिंत मागतात. भिंत झाली की फाटक येते आणि शहरातला प्रश्न गावात येतो. प्राथमिक शाळेत बहुधा शिपाई नसतो, शिक्षक अनेकदा तालुक्याच्या गावाहून ये-जा करतात. मग किल्ली शेजारच्या एखाद्या घरी ठेवली जाते आणि मैदान कोणाला मिळणार हे त्या घराच्या मर्जीवर ठरते.